शाल पाहुण्याची नव्हती

राजाराम भिसेला राग यायला मोठं कारण लागत नसे. कुणी स्क्रू अर्धाच पिळून सोडला, कुणी भांडं नुसतं विसळून घासलं म्हणून सांगितलं, कुणी उशिरा येऊन ट्रॅफिकवर ढकललं, की त्याचा पारा चढलाच. पाट्या टाकणारा माणूस त्याला डोळ्यांसमोर नको असे. मुलगा अमेय पाहुण्यांना सांगायचा, "बाबांना बीपी नाही. ते इतरांना देतात."

माणूस मूळचा कऱ्हाडकडचा. आयटीआय करून वेल्डर झाला. थोरल्या बहिणीनं बोलावून घेतलं तेव्हा बायको सुलेखा आणि लहानग्या अमेयला घेऊन सांता क्लाराला आला. आसपासची मराठी मंडळी कॉम्प्युटरवर काम करायची. हा एका वर्कशॉपमध्ये दुधाच्या आणि रसाच्या कारखान्यांसाठी स्टेनलेसच्या टाक्या जोडायचा. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारायचं, "आपण कुठल्या कंपनीत?" हा सांगायचा. समोरचा "अरे वा" म्हणून भज्यांकडे वळायचा. राजारामला त्याचं काही वाटत नसे. भजी गार असली तर मात्र वाटे.

त्या वर्कशॉपमध्ये त्याला एक मित्र मिळाला, हार्वी झेलिंगर. तिथला मुख्य वेल्डर, ज्यू, वयानं बराच मोठा. दोघं जेवायच्या सुट्टीत एकाच बाकावर बसायचे आणि दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवायचे. दोघं निवृत्त झाले तरी हा उद्योग हार्वीच्या गॅरेजमध्ये चालू राहिला.

सुलेखा गेली तेव्हा सकाळीच हार्वीचा फोन आला. सांत्वन वगैरे काही नाही. "तुमच्यात काय घालून यायचं असतं?" एवढंच विचारलं. राजाराम म्हणाला, पांढरं. हार्वीकडे पांढरी पँट नव्हती. तो हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि रंगारी घालतात तसली, खिशाखिशांची पांढरी पँट घेऊन आला. मंडळातले निम्मे लोक काळ्या सुटात होते. हार्वी रंगाऱ्याच्या पँटीत, दारात बूट काढून, दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसला होता. त्यानं विचारलं होतं. विचारून तसं केलं होतं. राजारामच्या हिशेबी माणसाची किंमत तिथे ठरली.

म्हणून हार्वीच्या दिवसाला आपल्याकडून तसूभर कमी पडता कामा नये, एवढं त्याच्या मनानं घेतलं.

हार्वीचा दिवस म्हणजे असा. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, सगळ्यांसमोर धर्मग्रंथाचा एक भाग वाचतो. तिथून तो मोठ्यांत मोजला जातो. हार्वी तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याचे वडील दवाखान्यात होते आणि घरात कुणाला कसली शुद्ध नव्हती. ते राहून गेलं. त्यांच्यात असंही मानतात की सत्तर वर्षं म्हणजे एक भरलेलं आयुष्य. त्यावर तेरा झाली, की माणूस पुन्हा एकदा उभा राहू शकतो. हार्वीची त्र्याऐंशी भरत आली होती. तो पुन्हा एकदा नव्हे, पहिल्यांदाच उभा राहणार होता.

काम सोपं नव्हतं. चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली हिब्रू अक्षरं. त्यांना काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. चालही लिहिलेली नाही. सगळं आधी पाठ करायचं आणि मग नुसत्या व्यंजनांकडे बघत गायचं. हार्वी गॅरेजमध्ये व्हाइसच्या लोखंडी पकडीत कागद अडकवून वर्षभर घोकत होता. राजाराम शेजारच्या स्टुलावर बसून ऐकायचा. शब्द एक कळत नव्हता, पण मेहनत कळत होती.

"मी काय घालून येऊ?" त्यानं एक दिवस विचारलं.

"स्वच्छ शर्ट," हार्वी म्हणाला. "टोपी दारात मिळेल, ती पुरुषानं घालायची, पाहुणा असला तरी. बूट पायातच ठेव, तुमच्यासारखे दारात काढून ठेवू नकोस. फोन गाडीत. शनिवारी आम्ही फोटो काढत नाही."

"आणि?"

"आणि काय? ये, बस. मी चुकलो तर हसू नकोस."

राजारामला हे फार थोडं वाटलं. शर्ट काय, तो तर बँकेत जातानाही घालतो. दारातली फुकट टोपी घालून आत बसायचं, यात आपले कष्ट कुठे आले? गॅरेजच्या भिंतीवर हार्वीच्या वडिलांचा जुना फोटो होता. डोक्यावर टोपी, खांद्यांवर काळ्या पट्ट्यांची पांढरी शाल, चारी टोकांना गाठी मारलेल्या दोऱ्यांचे गोंडे. राजारामला ते पाहून बरं वाटलं. हे त्याला कळत होतं. कऱ्हाडकडे देवाच्या दारात जाणारा माणूस खांद्यावर उपरणं टाकल्याशिवाय जात नसे. उघड्या खांद्यानं शेतावर जातात. आपण अशी शाल घ्यायची, असं त्यानं मनाशी ठरवलं. हार्वीला विचारलं नाही. विचारलं तर तो नको, कशाला एवढं म्हणेल, अशी खात्री होती.

त्या शनिवारी सकाळी राजाराम पांढरा शर्ट आणि करड्या पँटीत तयार होऊन सोफ्याच्या कडेला बसला होता. बुटांना स्वतः पॉलिश केलं होतं. अमेय खोलीतून आला तो अर्ध्या चड्डीत.

"हे काय?"

"चिनो शॉर्ट्स आहेत, बाबा. डिसेंट आहेत."

"गुडघे दिसतात."

"गुडघ्यांना काय झालं? कॅलिफोर्निया आहे यार. तिथे निम्मे लोक असेच येतात."

"निम्मे लोक गेले खड्ड्यात. हार्वी वर्षभर घोकतोय आणि तुला पाय झाकायचा कंटाळा?"

"पाय झाकण्याचा आणि घोकण्याचा काय संबंध?"

"संबंध दिसत नसेल तर घरी बस. इन्शुरन्सवाल्याला भेटायला जाताना इस्त्रीची पँट घालतोस. तिथे दिसतो संबंध?"

अमेय हात वर करून पँट बदलायला मागे वळला. तेवढ्यात सून अदिती बाहेर आली. निळा, घोट्यापर्यंतचा ड्रेस, पण बिनबाह्यांचा. राजारामनं तिच्याकडे न बघता खोलीच्या दिशेनं आवाज टाकला, "अमेय, तिला सांग. खांदे."

"मला ऐकू येतं, बाबा," अदिती म्हणाली. "मलाच सांगा की."

"सुनेला कपड्यांवरून बोलू नये म्हणून त्याला सांगितलं."

"म्हणजे बोललातच. फक्त व्हाया अमेय."

"तिथे वयस्कर माणसं असणार—"

"मी डेब्राला मेसेज केला होता." डेब्रा म्हणजे हार्वीची मुलगी. "ती म्हणाली, खांदे झाकलेले बरे, डोक्यावर काही नसलं तरी चालेल. जॅकेट गाडीत आहे. बाकीचं बोलायचं राहिलं असेल तर बोलून घ्या, मी थांबते."

राजारामला चांगलं लांबलचक जुळवून ठेवलेलं बोलणं गिळावं लागलं. त्यामुळे तो जास्तच चिडला. गाडीत बसताना त्यानं दार असं लावलं की अमेयनं आरशातून बघितलं.

पोचल्यावर राजारामनं फोन बंद करून डॅशबोर्डच्या खणात टाकला. अमेयनं आपला खिशात सरकवला.

"गाडीत."

"ऑन-कॉल आहे, बाबा. सायलेंटवर ठेवतो."

"हार्वीनं सांगितलंय गाडीत ठेवायचा."

"मी काढणार नाही ना बाहेर. चला आता, उशीर होतोय म्हणून तुम्हीच ओरडत होतात."

सिनेगॉगच्या दारात आत-बाहेर सोडायला एक म्हातारे गृहस्थ उभे होते, भलेमोठे, लाल गालांचे. शेजारी टोपलीत गोल चपट्या टोप्या. किप्पा म्हणतात त्यांना. अमेयनं एक उचलली, डोक्यावर थापटली, अदितीनं आपली पिन काढून ती केसांत खोचून दिली. दोन क्षणांत काम झालं. राजारामच्या टकलावर पिन लावायला जागा नव्हती. तो हातानं टोपी दाबून धरत उभा राहिला, तसे दारावरचे गृहस्थ म्हणाले, "सोड. टकलावर चांगली बसते. घसरते ती केसांवरून."

टोपी बसली. मग राजारामनं इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी लाकडी दांडीवर त्या शाली टांगलेल्या होत्या. पांढऱ्या, काळ्या-निळ्या पट्ट्यांच्या. आत जाणारे लोक एकेक उचलत होते, काठ ओठांना लावत होते, काहीतरी पुटपुटून पाठीमागून फिरवून खांद्यांवर घेत होते. काही बायकाही घेत होत्या. हेच ते. राजाराम पुढे झाला. त्यानं हात रुमालाला पुसले, एक शाल काढली, कपाळाला लावली, डोळे मिटून आपल्या कुलदैवताचं नाव घेतलं आणि डाव्या खांद्यावर उपरण्यासारखी टाकली. उजवं टोक खाली लोंबलं. गोंडा फरशीला टेकला. जवळच्या एका बाईनं "अं" असा श्वास आत घेतला.

डेब्रा गर्दीतून वाट काढत आली. पन्नाशी ओलांडलेली, बापासारखीच रुंद मनगटांची. ती हळूच बोलली, पण तिथे हळू बोललेलंही ऐकू जात होतं.

"राज, टोपी छान. शाल मात्र परत ठेव. ती पाहुण्यांनी नाही घ्यायची."

"मी नीट घेतली. हात पुसले."

"बघितलं मी. ते नाही. ती आमच्यासाठीच असते."

राजारामचे कान तापले. दोघा-तिघांनी मान वळवली होती. आणि मागून अमेय हसत म्हणाला, "बाबा, तुम्ही ना, ओव्हरटाइम करता."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते राजारामला त्या क्षणी पायापासून कळलं. चड्डीत निघू पाहणारा मुलगा फुकटची टोपी थापटून बरोबर ठरला होता, आणि बूट चमकवून, हात पुसून, देवाचं नाव घेऊन आलेला बाप चूक. त्यानं शाल उतरवली. चारी टोकं जुळवली, घडी घातली, दांडीवर सारखी केली. मग दारातून बाहेर पडला.

बाहेर वाहनतळ, त्याच्या कडेला हिरवळीचा पट्टा आणि एक बाक. राजाराम बाकावर बसला नाही. येरझारा घालत राहिला. हिरवळीतला पाण्याचा पाइप एका सांध्यातून गळत होता. कुणीतरी टेप गुंडाळून उरकलं होतं. त्याचाही त्याला राग आला.

टोपी सगळ्यांना, शाल मात्र आमच्यासाठीच. म्हणजे काय? आमचे हात लागले की बाटते? त्याच्या लहानपणी गावच्या देवळात गाभाऱ्यात फक्त सोवळ्यातली माणसं जायची. त्याचे वडील नवरात्रात देवीला नवी साडी न्यायचे. पुजारी ती उंबऱ्यावरून घ्यायचा आणि म्हणायचा, तिथेच थांब. वडील थांबायचे. साडी आत जायची, माणूस बाहेर. राजारामनं तेव्हाच ठरवलं होतं, असल्या उंबऱ्याशी आपण उभं राहायचं नाही. इतकी वर्षं तो गावच्या देवळात गेला नव्हता. आणि आज, एवढा समुद्र ओलांडून, पुन्हा तेच ऐकलं. तेही हार्वीच्या घरच्या माणसाकडून.

दार उघडलं. डेब्रा बाहेर आली. तीही चिडलेली होती.

"डॅड दहा मिनिटांत उभे राहतील. तू इथे काय करतोस?"

"जिथे मला ठेवलंय तिथे थांबलोय."

"तुला कुणी ठेवलं नाही. तू चालत आलास."

"टोपी चालते, शाल नाही. माझे हात घाण आहेत का?"

"हातांचा काय संबंध?" तिनं कपाळाला हात लावला. "राज, टोपी म्हणजे या घराचा मान राखणं. तो कुणीही राखावा. शाल तशी नाही. त्या गोंड्यांच्या गाठी म्हणजे आमच्यावरचे नियम. जो ती घेतो तो सांगत असतो, हे सगळं मी अंगावर घेतलंय, याला मी बांधील आहे. तू आहेस?"

"मी मानासाठी घेतली."

"तो मान नाहीये. ते ओझं आहे. तू जे ओझं घेतलंच नाहीस ते घेतल्याचं कसं सांगशील?" ती थांबली. मग वेल्डरच्या मुलीसारखं बोलली. "वर्कशॉपमध्ये तुझा पंच होता ना? नंबराचा?"

होता. प्रत्येक वेल्डरचा असे. टाकीचा जोड पुरा झाला की त्याच्या बाजूला आपल्या नंबराचा ठसा मारायचा. तो जोड पुढे कधी फुटला तर जबाबदार कोण, ते त्यावरून कळे.

"दुसऱ्यानं केलेल्या जोडावर तू तुझा ठसा मारलास कधी? त्याला बरं वाटावं म्हणून?"

तसा ठसा राजारामनं कधी मारला नव्हता. समोरचा बरोबर निघाला की त्याचा राग उतरत नसे, वाढे. "दारातच सांगायचं होतं मग," तो म्हणाला.

"तू विचारायचं होतंस. तुझ्या सुनेनं विचारलं."

"मी येत नाही आत."

"नको येऊस. तुझ्यासाठी तिसऱ्या ओळीत खुर्ची ठेवायला त्यांनी सांगितलंय. ते तिकडे बघणार. मी त्यांना बघू नका असं सांगू शकत नाही." ती निघून गेली. दार आपोआप हळूहळू बंद झालं.

राजाराम हट्टानं तसाच उभा राहिला. डेब्राचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते त्याला सलत होतं. उंबऱ्यावरचा पुजारी कधी समजावून सांगायला बाहेर आला नव्हता. वडिलांसाठी आत कुणी खुर्ची राखली नव्हती. हे दोन वेगळे प्रकार होते. ते वेगळे आहेत हे कबूल करायला जेवढा वेळ लागायला नको होता, तेवढा त्याला लागला. त्यानं टेप लावलेल्या पाइपाला बुटाच्या टोकानं ढकललं. पाणी बुटावर उडालं. मग तो वळला आणि भराभर चालत दाराशी आला.

लाल गालांच्या गृहस्थांनी हात आडवा धरला.

"आता नाही. वाचन चालू झालंय. मध्ये कुणाला सोडत नाही. हा तुकडा संपला की सोडतो."

"माझा मित्र वाचतोय."

"माझाही," ते म्हणाले. हात तसाच.

भांडायचं तर तोंड उघडावं लागणार, आणि उघडलं तर आत ऐकू जाणार. राजारामनं दात आवळले आणि दाराच्या उभ्या काचेला कान लावला.

हार्वीचाच आवाज. गॅरेजमधल्यापेक्षा बारीक, थोडा चिरका, पण चालीत. मंचावर तो वाकून उभा होता. डोक्यावर टोपी, खांद्यांवर पांढरी शाल, बहुधा तीच फोटोतली. हातात चांदीची छोटी काडी, तिनं तो अक्षर न् अक्षर दाखवत होता. दोन्ही बाजूंना एकेक माणूस छापील पुस्तक घेऊन उभा.

अचानक डावीकडचा माणूस मोठ्यानं काहीतरी बोलला. एकच शब्द, टपकन. हार्वी थांबला.

राजारामला काचेतून आत हात घालावासा वाटला. त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा. सगळ्या गोतावळ्यासमोर त्याची चूक काढायची? एक शब्द सोडून दिला असता तर कुणाचं काय जाणार होतं?

हार्वीनं काडी जरा मागे नेली. तो शब्द पुन्हा म्हटला, या वेळी बरोबर, आधीपेक्षा मोठ्यानं, आणि पुढे गेला. कुणी हसलं नाही. कुणी खाकरलंसुद्धा नाही. चार ओळी गेल्या आणि डावीकडच्यानं पुन्हा टोकलं. पुन्हा हार्वी मागे गेला, शब्द नीट केला, पुढे गेला.

"असं सगळ्यांसमोर करतात?" राजारामनं न राहवून विचारलं.

"मग कसं करायचं?" गृहस्थ काचेवरची नजर न काढता म्हणाले. "चुकीचा शब्द चुकीचा ठेवून पुढे जाता येत नाही. कुणी का असेना. नीट म्हणायचा, मग पुढे."

हे राजारामला कुणी शिकवायला नको होतं. वर्कशॉपमधल्या पहिल्याच आठवड्यात हार्वीनं त्याचा एक जोड सगळ्यांदेखत ग्राइंडरनं उडवायला लावला होता. पुन्हा कर. केला. पुन्हा उडव. उडवला. संध्याकाळी घरी येऊन राजाराम सुलेखाला म्हणाला होता, चांगला माणूस भेटला. त्या दिवशी त्याला अपमान सुचला नव्हता. आज एका शालीसाठी, एका वाक्यानं, तो वाहनतळात जाऊन रुसून उभा राहिला होता.

आता राग स्वतःवरच होता. आधीच्या सगळ्यांपेक्षा हा वाईट, कारण कुणावर काढता येत नव्हता.

तुकडा संपला. आत सगळे एका सुरात काहीतरी म्हणाले. आडवा हात खाली आला. राजाराम टोपी चाचपत आत गेला आणि तिसऱ्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीत बसला. खांद्यांवर जॅकेट घेतलेली अदिती पलीकडे सरकली. हार्वी पुढच्या तुकड्याची जागा शोधत होता. त्यानं मान वर केली, तिसऱ्या ओळीकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

वाचन सुरू झालं. शेजारी काहीतरी उजळलं. अमेयनं फोन मांडीवर, प्रार्थनेच्या पुस्तकाच्या आडोशाला उभा धरला होता. पडद्यावर छोटासा हार्वी.

राजारामनं त्यावर तळवा ठेवला. जड, रुंद तळवा. पडदा दिसेनासा झाला.

"बाबा, त्याच्यासाठीच करतोय," अमेय कुजबुजला. "लाइफटाइम मेमरी आहे."

"त्यानं मागितली?"

"सरप्राइज देऊ."

"नको म्हणून सांगितलेल्याचं सरप्राइज कसलं देतोस? आपल्याला बरं वाटतं म्हणून करायचं, आणि म्हणायचं त्याच्यासाठी." बोलून झाल्यावर ते शब्द त्याचे त्यालाच लागले. पण हात त्यानं उचलला नाही. "बंद कर."

अमेयनं बंद केला. हार्वी शेवटची ओळ गात होता. तिच्यात एकही चूक झाली नाही.

नंतर बाजूच्या दालनात जेवण होतं. गोल पाव, खारवलेला मासा, द्राक्षांचा रस. हार्वी भिंतीला टेकून उभा होता. शाल आता काढली होती. लोक येऊन हात दाबून जात होते. राजाराम गर्दी कमी होईपर्यंत थांबला.

"सुरुवातीला खुर्ची रिकामी होती," हार्वी म्हणाला.

"बाहेर होतो."

"डेब्रानं सांगितलं. शाल."

"रागावलो होतो."

"कुणावर?"

"डेब्रावर. मग अमेयवर. मग तुझ्या चुका काढणाऱ्या त्या माणसावर."

"बर्नीवर? बर्नीवर सगळेच रागावतात. कान तीक्ष्ण आहेत हरामखोराचे." हार्वी हसला, मग खोकला. "तीन पकडल्या त्यानं."

"दोन."

"तीन. पहिली तू नसताना. अगदी पहिल्या ओळीत. सगळ्यांत वाईट ती होती. शब्दच गेला डोक्यातून. वर बघितलं, म्हटलं राज बसला असेल, त्यानं हजार वेळा ऐकलीय ही ओळ. खुर्ची रिकामी." त्यानं खांदे उडवले. "मग आठवला आपोआप. म्हटला."

राजारामनं हातातलं माशाचं ताट टेबलावर ठेवलं.

"आता म्हण," तो म्हणाला. "ती ओळ. मी इथे आहे."

"आता?"

"आता."

"नाही," हार्वी म्हणाला. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. "ती झाली. मी बर्नीसमोर पुन्हा म्हटली ती चूक दुरुस्त करायला. तू पार्किंगमध्ये होतास ते दुरुस्त करायला मी कशी म्हणू?"

राजारामनं मान हलवली. हार्वीनं तिथे उभ्याउभ्या म्हणून दाखवली असती तर ते राजारामलाच आवडलं नसतं. त्यानं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, आणि ताटातला मासा संपवला, कारण टाकायचा नव्हता.

परतताना गाडीत, दुसऱ्या सिग्नलला अमेयनं आरशात बघितलं.

"बाबा, राग गेला?"

"नाही."

"आता कुणावर आहे?"

राजारामनं उत्तर द्यायला म्हणून डोक्यावरून हात फिरवला आणि थबकला. टोपी अजून तिथेच होती. टोपलीतली. त्या घरची.

"गाडी वळव."

"बाबा, ती ठेवून घेतात लोक. सुवेनिर असते. डेब्रा काही म्हणणार नाही."

"तिला विचारलंस?"

अदितीनं खिडकीबाहेर बघत हसू दाबलं.

"वळव."

अमेयनं मोठा उसासा सोडला आणि गाडी वळवली. राजारामनं टोपी हातात घेतली नाही. डोक्यावरच राहू दिली. गाडी थांबली तसा तो उतरला, पाण्याचे डाग पडलेल्या बुटांनी चालत दारापर्यंत गेला, टोपलीपाशी पोचल्यावरच टोपी काढली, तिची कड सरळ केली, आणि बाकीच्यांवर नीट ठेवली.